दुभाष्याने काही गाळू नये

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
९ सप्टेंबर १९८५

प्रिय वीणा, आणि वीणाच्या स्वयंपाकघरात दर शुक्रवारी कॉफीला जमणाऱ्या माझ्या न पाहिलेल्या मैत्रिणींनो,

माझी पत्रं ती तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवते, हे तिनेच मला कळवलंय. म्हणून आज सरळ तुम्हालाच लिहिते. तुम्ही चँडलरच्या वाळवंटात आणि मी इथे न्यू जर्सीच्या चिखलात, पण आपली तक्रार एकच आहे. या देशात येऊन आपल्याला पंधरा-वीस वर्षं झाली आणि अजूनही आपल्या वतीने दुसरंच कुणीतरी बोलतं. डॉक्टर विचारतो, कुठे दुखतंय? नवरा सांगतो, डावा गुडघा. शाळेतली बाई विचारते, घरी अभ्यास कोण घेतं? दहा वर्षांचा मुलगा सांगतो, "माय मॉम डझन्ट गेट इट." आणि आपण हसतो. त्या हसण्याचा मला राग आहे.

मला जाग आली ती वकिलाच्या ऑफिसात. आम्ही मृत्युपत्र करायला गेलो होतो. वकिलाने माझ्याकडे बघून विचारलं, तुम्हाला हे कलम मान्य आहे का? गिरीश म्हणाला, "शी अंडरस्टँड्स." नागपूरला आंतरमहाविद्यालयीन वादविवादाच्या चार ढाली मी घरी आणल्या होत्या. मी गप्प बसले. तेवढ्यात बाजूच्या टेबलावरची एक बाई उठली, कागद माझ्यासमोर सरकवून म्हणाली, "तुम्ही स्वतः वाचा. आम्हाला घाई नाही." ती वकील नव्हती, पॅरालीगल होती. म्हणजे खटल्याचे कागद तयार करणारी, साक्षी तपासून टिपणं काढणारी. वकिलाचा उजवा हात, फक्त सही करायचा अधिकार नसलेला.

मी आमच्या काउंटी कॉलेजात नाव घातलं. पन्नासाव्या वर्षी. गिरीश म्हणाला, "कायदा शिकून काय करणार? घरात आधीच तुझा चालतो." मी म्हटलं, आता तो लेखी असेल.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात असं कॉलेज आहे. तिथे वय विचारत नाहीत. जा.

आता पुढचं फक्त वीणासाठी, बाकीच्यांनी कॉफी प्या. वीणा, तू पुन्हा लिहिलंस की संजीवरावांच्या त्या आजारपणात ताई सहा तास गाडी हाकत आमच्या लेकीला, दीपाला, आणायला तिच्या कॉलेजात गेली, हे मी जन्मात विसरणार नाही. विसर. मनापासून सांगते, ते पुन्हा लिहू नकोस. दीपाचं कार्ड आलं का?

तुझी ताई

१४ ऑक्टोबर १९८५

प्रिय वीणा,

तुझ्या मैत्रिणींपैकी दोघींनी कॉलेजात चौकशी केली, हे वाचून मी गिरीशला बोलावून ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

आम्हाला शिकवतात ते मिस्टर डोब्रिन. चाळीस वर्षं कोर्टात कारकून होते, आवाज फाटका, टाय नेहमी तोच. गेल्या आठवड्यात त्यांनी ऐकीव पुरावा शिकवला. एखादी बाई शपथेवर म्हणाली, "माझ्या बहिणीने मला सांगितलं की तो असं म्हणाला", तर कोर्ट सहसा ते वाक्य पुरावा म्हणून उचलत नाही. म्हणणाऱ्यालाच आणा. त्यालाच विचारा. मी हात वर करून म्हटलं, सर, या नियमाने आमच्या समाजातली निम्मी भांडणं उभीच राहणार नाहीत. वर्ग हसला. डोब्रिन हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, सगळ्याच समाजांतली."

आमच्या वर्गासमोरच्या खोलीत दुसरा अभ्यासक्रम चालतो: बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेचे दुभाषे तयार करण्याचा. दार उघडं असतं. वीस माणसं आत असतात आणि खुर्च्यांचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. मी जाता-येता मान फिरवून घेत होते. का, ते तुला ठाऊक आहे. १९६९ साली, दीपा पाच वर्षांची असताना, तुम्ही इथे न्यू जर्सीत होतात तेव्हा, तुमच्या एडिसनच्या त्या दोन खोल्यांत मी उभी राहून तासभर बोलले होते. म्हणाले होते, तापात कान गेले, जीभ गेलेली नाही. हातवारे म्हणजे भाषा नव्हे, ती शरणागती आहे. या मुलीला बोलायला लावा, ओठ वाचायला लावा, घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी, नाहीतर दोन्ही जातील. संजीवरावांना खुणांची शाळा बघायची होती. माझ्या भाषणानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

परवा कँटीनमध्ये त्या वर्गाच्या बाई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. नाव रोझलिन. दोन्ही आईवडील बहिरे, स्वतः ऐकणारी. मी तिला तेच ऐकवलं जे १९६९ला ऐकवलं होतं. तिने सँडविच खात शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान बोलता. जिच्याबद्दल बोलताय, तिला यातलं किती कळलं होतं?"

मी म्हटलं, ती पाच वर्षांची होती.

"आणि आता?"

मी विषय बदलला. तिला विचारलं, तुमच्या लोकांना पहिला नियम काय शिकवता? ती म्हणाली, तीन आहेत. दुभाष्याने काही घालू नये. काही गाळू नये. आणि साक्षीदार 'मी' म्हणाला तर दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं, 'ती म्हणते' असं नाही. आणि हो, घरच्या माणसाने दुभाषेपण करू नये. मी विचारलं, का? मायेचं माणूस बरं नाही का? ती म्हणाली, "मायेचं माणूस सगळ्यात जास्त गाळतं."

बरं, तुझ्या पत्रातलं ते. तू लिहितेस, "वडील शेवटच्या घटका मोजत असताना जी मुलगी 'परीक्षा झाल्यावर येते' असा निरोप पाठवते, तिला मी आपणहून काय लिहू? वर्षाला एक कार्ड येतं, त्यावर पत्तासुद्धा नसतो. ते तिचं तिला लखलाभ." वीणा, इतकं कडू बोलू नकोस. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. परीक्षेच्या दिवसांत माणूस आपल्यात नसतं. आपल्या घरात परीक्षेला काय मान होता तुला माहीत आहे. आपले दादा, सख्खे वडील, गेले तेव्हा मी काकांकडे राहून मॅट्रिकचे पेपर देत होते, आणि शेवटचा पेपर होईपर्यंत काकांनी मला कळू दिलं नाही. मी पहिल्या वर्गात आले. सगळ्यांनी काकांचं कौतुक केलं.

मी हे का लिहिते आहे कुणास ठाऊक. पुढच्या महिन्यात आमच्या वर्गाचा आणि रोझलिनच्या वर्गाचा मिळून सराव आहे. एक बहिरा साक्षीदार, तिचे विद्यार्थी दुभाषे, आमचे विद्यार्थी प्रश्न विचारणार, आणि मी जबाबाचं टिपण काढणार.

तुझी ताई

७ नोव्हेंबर १९८५

वीणा,

दीपा सापडली.

ती ट्रेंटनला आहे. माझ्या घरापासून तेरा मैलांवर, दीड वर्षापासून. एका छापखान्यात अक्षरजुळणी करते. तब्येत चांगली आहे, केस कापले आहेत, चष्मा लागला आहे. कॉलेज तिने सोडलं. रोझलिनच्या वर्गाला मदत करायला ती दर सत्राला येते. काल सरावासाठी जी साक्षीदार आली, ती दीपा होती.

थोडक्यात लिहिते. हे सगळं रोझलिनकडून कळलं, आमचं बोलणं झालं नाही. सराव संपला आणि ती निघून गेली. ती बरी आहे, एवढं तुला कळावं.

टिपण मला उद्या द्यायचं आहे. लिहून झालं आहे. दिवाळीला फोन करते.

ताई

१३ नोव्हेंबर १९८५

वीणा,

हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. कॉफीला येणाऱ्यांना सांग, या आठवड्यात ताईचं पत्र आलं नाही.

काल लक्ष्मीपूजनाला तू फोनवर विचारलंस, "ती माझ्याबद्दल काही बोलली का गं?" मी म्हटलं, नाही. मग तू विचारलंस, "त्यांच्याबद्दल?" मी म्हटलं, सरावातला जबाब होता, त्यात काय असणार. तू म्हणालीस, "बरं." तुझ्या त्या 'बरं'नंतर मी रिसीव्हर ठेवला आणि पणत्या लावल्याच नाहीत. गिरीशने लावल्या.

आता काही न गाळता लिहिते.

खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला डोब्रिन आणि प्रश्न विचारणारा विद्यार्थी, समोर साक्षीदाराची खुर्ची, तिच्या समोर लाल स्वेटर घातलेली एक मुलगी, दुभाषी. मी टेबलाच्या टोकाला, पिवळ्या कागदांचं पॅड घेऊन. रोझलिनने आधी सांगितलं की साक्षीदाराला आयुष्यातला एक खरा दिवस सांगायला सांगितलं आहे, बनवलेल्या गोष्टीत प्रश्न विचारायला मजा येत नाही. दार उघडलं आणि दीपा आत आली. तिने मला पाहिलं. थबकली, एक क्षण. मला वाटलं, परत जाईल. ती रोझलिनकडे वळून हातांनी काहीतरी म्हणाली. मला नंतर कळलं, ती म्हणाली होती, "आज वेगळा दिवस सांगते."

वीणा, मी त्या मुलीला एकवीस वर्षं ओळखते. तिचं बोलणं म्हणजे मला काय ठाऊक होतं? तुटक शब्द, अर्धी इंग्रजी, आपण दुरुस्त करायचो ते उच्चार. त्या दिवशी तिचे हात हलायला लागले आणि लाल स्वेटरच्या मुलीच्या तोंडून एक बाई बोलायला लागली. वाक्यं पूर्ण, धारदार, मध्येच थट्टा. विद्यार्थ्याने विचारलं, तुमच्या घरात कोण कोण होतं? उत्तर आलं: "आईवडील, मी, आणि एक मावशी, जी राहायला नव्हती पण असायचीच. मावशी वक्ता आहे. तिचं भाषण मी कधी ऐकलेलं नाही, पण समोरच्यांच्या माना डोलताना पाहिल्या आहेत." वर्ग हसला. मी ते लिहून घेतलं.

मग तिने तो दिवस सांगितला. मी टिपणातून जसंच्या तसं उतरवते. लाल स्वेटरची मुलगी सगळीकडे 'मी' म्हणत होती.

"डिसेंबर १९८३. माझ्या दोन परीक्षा राहिल्या होत्या. मावशी न सांगता कॉलेजात आली. आम्ही जेवणघरात बसलो."

प्रश्न: मावशी काय म्हणाली? शब्द आठवत असतील तर तेच सांगा.

"म्हणाली, बाबांना थोडं बरं नाही. ओठ मोठे करून, बाळाला भरवताना करतात तसे. मी विचारलं, हॉस्पिटलमध्ये आहेत? ती म्हणाली, तपासणीसाठी. मी विचारलं, मी येऊ का? ती म्हणाली, बाबांनी सांगितलंय, परीक्षा पूर्ण कर. मी पुन्हा विचारलं. मी विचारलं, ते मरणार आहेत का? ती हसली आणि म्हणाली, वेडी आहेस का, जेव."

प्रश्न: मग तुम्ही काय केलं?

"जेवले. परीक्षा दिल्या. विमानाने घरी गेले. शेजारच्या बाईंनी मला विमानतळावरून आणलं, त्या रस्ताभर रडत होत्या, मला वाटलं त्यांचंच काही आहे. घरात खूप माणसं होती. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. ती काहीतरी बोलली, पण पाठ वाचता येत नाही."

प्रश्न: वडील गेल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?

"कोणीच नाही. टेबलावर बाबांचा फोटो होता आणि त्याला हार घातलेला होता. आमच्यात जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. मला हाराने सांगितलं."

प्रश्न विचारणारा मुलगा कागद चाळायला लागला. तेव्हा डोब्रिननी स्वतः विचारलं, आणि ती मावशी, ती आता कुठे असते?

दीपाने माझ्याकडे पाहिलं. हात उचलले, अगदी लहान खूण केली. लाल स्वेटरच्या मुलीला काही कळलं नसावं, पण तिला शिकवलंय तसंच ती बोलली:

"ती लिहून घेते आहे."

डोब्रिनना वाटलं, विनोद आहे. रोझलिनला वाटलं नाही. मी खाली मान घालून तेही लिहून घेतलं, कारण टिपणात काही गाळायचं नसतं.

आता माझं. तुला माहीत असलेली गोष्ट अशी आहे: तू गुरुवारी सकाळी फोन केलास. म्हणालीस, "ताई, डॉक्टर म्हणतात दोन दिवस. दीपाला घेऊन ये, कशीही घेऊन ये. ते सारखी तिची वाट बघतायत." मी गेले. तिथून तुला फोन केला आणि सांगितलं, "दीपा म्हणते, परीक्षा झाल्यावर येते." शनिवारी संजीवराव गेले.

दीपा असं म्हणालीच नाही. ते वाक्य माझं आहे. मी तिला तिचे वडील मरतायत हे सांगितलं नाही, आणि तुझ्याजवळ तिच्या नावावर एक वाक्य घातलं. रोझलिनच्या पहिल्या दोन नियमांपैकी एकही मी पाळला नाही.

का केलं? दोन वर्षं मी स्वतःला सांगत आले, काकांनी मला सांगितलं नाही तसं मी तिला सांगितलं नाही. परीक्षेआधी वाईट बातमी द्यायची नाही, ही आपल्यातली मोठ्यांची रीत आहे, आणि ती मायेची आहे. पण वीणा, ते अर्धंच खरं आहे. दादा गेल्याचं कळलं तेव्हा दहावा झाला होता. मी पहिल्या वर्गाचा निकाल हातात घेऊन काकांना विचारलं होतं, मला का नाही सांगितलं? काका म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी." मी तीन महिने त्यांच्याशी बोलले नाही. हे मी माझ्या एकाही भाषणात सांगितलेलं नाही.

दुसरं अर्धं लिहायला मला शरम वाटते. त्या जेवणघरात दोनशे मुलं होती. तिने विचारलं, ते मरणार आहेत का? खरं उत्तर द्यायचं तर मला ओठ मोठे करून, तोंड वेडंवाकडं करून तो शब्द म्हणावा लागला असता, आणि तिला कळला नसता तर पुन्हा, आणखी मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. मला तिच्याशी दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने बोलता येत नव्हतं. ती तऱ्हा मीच १९६९ साली बंद करून टाकली होती. चार ढाली जिंकलेली बाई आपल्या भाचीला एक वाक्य सांगू शकत नव्हती, म्हणून ती हसली आणि म्हणाली, जेव.

नंतर वाटलं, सगळं आपोआप मिटेल. तू मला 'वेळेला धावणारी' म्हणायला लागलीस, आणि मी तुला तसं म्हणू दिलं.

सोबत टिपणाची प्रत आहे. डोब्रिननी त्यावर 'उत्कृष्ट' असा शेरा मारला आहे. त्यात जिथे जिथे 'साक्षीदाराची मावशी' लिहिलंय, तिथे तिथे 'मी' असं वाच.

वसुधा

२४ नोव्हेंबर १९८५

वीणा,

गुरुवारी संध्याकाळी तुझा फोन आला. गिरीशने घेतला. पाच मिनिटं तो नुसता "हो", "हो" म्हणत होता. ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली?

"तुला काही नाही म्हणाली."

"म्हणजे?"

"म्हणजे हेच म्हणाली. ताईला फोन देऊ नका." मग तो टेबल पुसायला लागला. आमच्या पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने टेबल पुसलेलं मी पाहिलं नव्हतं. पुसता पुसता म्हणाला, "तू मलासुद्धा तेच सांगितलं होतंस, वसू. मी दोन वर्षं त्या पोरीला मनातल्या मनात बोल लावत होतो."

तुला माझं पत्र नको आहे हे मला कळतं. हे शेवटचं, आणि यात माझ्यासाठी काही मागणं नाही. तू मला क्षमा करावीस असं मी लिहिणार नाही. नुसतं एक काम आहे, ते तुलाच करता येईल.

मी दीपाला भेटले. रोझलिनच्या ऑफिसात, शुक्रवारी. मी पत्र पाठवून विचारलं होतं, तिने एका ओळीत उत्तर दिलं: "रोझलिन मध्ये असेल तर." मी आत जाऊन बसले आणि सवयीने ओठ मोठे केले. तिने हात वर करून मला थांबवलं. मग तिचे हात हलले आणि रोझलिन म्हणाली, "मी तुमचे ओठ वाचणार नाही, मावशी. नेहमीसारखं बोला." रोझलिनच्या तोंडून मला मावशी म्हटलेलं ऐकून मी पाणी मागितलं. रोझलिनला तो शब्द कसा म्हणायचा हे दीपाने कागदावर अक्षरं लिहून शिकवलं होतं. सोळा वर्षांपूर्वी मी बंद केलेल्या भाषेतला तिच्याजवळ उरलेला तो एक शब्द.

मी तिला सांगितलं, तुला लिहिलं तेच सगळं. तिची नजर रोझलिनच्या हातांवर होती, माझ्यावर नव्हती. "दीपाला घेऊन ये, कशीही घेऊन ये, ते सारखी तिची वाट बघतायत," हे तुझं वाक्य आलं, तेव्हा तिने रोझलिनला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितल्यावर आणखी एकदा. मग तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि कितीतरी वेळ ते उचलले नाहीत.

मग तिने विचारलं, "आईने मला बोलावलं होतं?"

मी म्हटलं, हो.

"आई समजते, मी आपणहून आले नाही?"

मी म्हटलं, हो.

"दोन वर्षं?"

मी म्हटलं, हो. वीणा, मी हजारो माणसांसमोर बोलले आहे, पण इतके कठीण तीन शब्द मी कधी उच्चारले नव्हते, आणि तिन्ही वेळा शब्द एकच होता.

ती म्हणाली, "मला वाटत होतं, आईने सांगितलं असेल, तिला आणू नका. रडारड झाली तर लोकांसमोर ती कसले आवाज काढेल कोणास ठाऊक." आणि मग ती हसली, आपले संजीवराव हसायचे तशी, एकाच गालाने, आणि म्हणाली, "तुम्ही दोघी बहिणी ऐकू येणाऱ्या आहात ना? मग तुम्ही एकमेकींना कधी विचारलं का नाही?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर ते तिला दे, मला नको.

मी म्हटलं, मी तुझ्या आईला समजावते. तिचे हात इतक्या झटकन उठले की रोझलिन अडखळली. "नाही. तुम्ही नाही. आता मध्ये तुम्ही नाही."

तेव्हा आता मी मध्ये नाही. मी तुला तिचं म्हणणं समजावून सांगणार नाही, तुझं म्हणणं तिच्यापर्यंत पोचवणार नाही. मी सांगते ते सगळं ऐकीव आहे. या पत्रातलंसुद्धा. कोर्ट ते उचलणार नाही, तूही उचलू नकोस. म्हणणाऱ्यालाच विचार.

ते कसं, एवढंच सांगते. शनिवार, ७ डिसेंबर. तुझ्या घड्याळात सकाळचे दहा, इथे दुपारचे बारा. दीपा रोझलिनच्या ऑफिसात बसलेली असेल. एक तास. हे तिने स्वतः ठरवलं आहे. फोन रोझलिन उचलेल. तू बोलशील ते ती जसंच्या तसं हातांनी दीपाला सांगेल, दीपाचे हात बघून तुला सांगेल, आणि 'मी' म्हणेल. तो आवाज परक्या बाईचा असेल, घाबरू नकोस, बोलणारी तुझी मुलगी आहे. मध्ये शांतता आली तर लाइन तुटली असं समजून फोन ठेवू नकोस, तेव्हाच ती बोलत असते. रोझलिनला मराठी येत नाही, इंग्रजीत बोल. तुला बोलता येतं. आणि रडू आलं तर रड, रोझलिन तेही सांगेल. मी त्या इमारतीत नसेन. गिरीश आणि मी त्या वेळी गाडीने दूर जाणार आहोत.

नंबर वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. तो फ्रिजला लाव.

मंगळवारी, दहा डिसेंबरला, संजीवरावांना जाऊन दोन वर्षं होतील. त्या दिवशी फोटोला हार घालशील तेव्हा दीपा जवळ असावी की नसावी, हे तुम्ही दोघींनी ठरवायचं आहे. मला काही म्हणायचं नाही.

शनिवारी दहा वाजता नंबर फिरव. पहिलं वाक्य तुला सुचलं नाही तर एवढंच विचार: त्या दिवशी तुला काय सांगितलं होतं? आणि तिचं बोलून होईपर्यंत मध्ये काही बोलू नकोस.

फोन कर, वीणा.